वेणूकाकू आणि मधल्या पोरी

वेणूकाकूला मी पहिल्यांदा कधी पाहिलं ते मला आठवत नाही. समुद्र पहिल्यांदा कधी पाहिला, हे तरी आमच्या गावात कोणाला आठवतं? हरिहरेश्वराच्या अलीकडे, दोन डोंगरांच्या बेचक्यात आमचं गाव. पुढे समुद्र, मागे पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या अगदी टोकाला वेणूकाकूचं घर. घर कसलं, दोन खोल्या आणि घरापेक्षा मोठी पडवी. तेराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत माझे दिवस त्या पडवीत गेले. पुढे लग्न होऊन मी पेणला आले, संसार केला, मुलं वाढवली, आता नातवंडं आहेत. तरी माझं लहानपण कुठं गेलं असं कोणी विचारलं, की मला ती पडवी आठवते, आणि तिच्यामागोमाग आणखी एक काही आठवतं. ते काय आहे हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगायचं ठरवलं आहे.

वेणूकाकू उंच, हाडापेरानं मोठी, काळीसावळी बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दात मिश्रीनं काळे. एवढ्या दणकट बाईचा आवाज मात्र इतका हळू, की ती काय म्हणते ते ऐकायला हातातलं काम थांबवावं लागे. तिचा नवरा बाबूकाका एके काळी पंचक्रोशीतला नावाजलेला पाडेली होता. सुपारी पाडायला एका पोफळीवर चढला की खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर, तिच्यावरून तिसरीवर जायचा. एकदा झोका चुकला आणि कंबर गेली. तेव्हापासून तो मागच्या दारी बसून सुंभ वळायचा, आणि घर वेणूकाकूच्या हातांवर चालायचं.

काम सुपारी सोलण्याचं. वाडीवाले वाळलेल्या पोफळांची पोती तिच्या पडवीत आणून टाकायचे. ती सोलून, लहानमोठी निवडून तिनं परत द्यायची. माझ्या वडिलांची, अण्णांची, पोतीही तिच्याकडेच असत. हाताखाली ती पोरी घ्यायची. लहान पोरींना घेत नसे, बोटं कापून घेतील म्हणून. लग्न झालेल्यांना त्यांच्या सासवा सोडत नसत. राहिलो आम्ही, बारा ते पंधरा-सोळाच्या. कुणबीवाडीतली भागी मजुरीवर यायची. मी आणि माझी मैत्रीण यमू, आम्ही बऱ्या घरच्या, नुसत्या हौसेनं जायचो. आमच्या घरच्यांना वाटे, पोरी पायांत पायांत येण्यापेक्षा तिथं बसलेल्या बऱ्या.

आम्हाला ती ‘मधल्या’ म्हणायची. ढिगातून एखादं पोफळ उचलून दाखवायची. “हे बघ. हिरवं न्हाय, पिकलेलं न्हाय. मधलं. याला भाव न्हाय, चव न्हाय. पण उन्हात टाकल्यावर नजर ठेवायला लागते ती याच्यावरच. पटकन बुरशी धरतं.” आणि मग आमच्याकडे बघून हसायची.

तिच्याकडे एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिली नाही. पडवीच्या कोपऱ्यात भाताची कणगी होती, तिच्यामागे एक माणूस बसेल एवढी जागा. ती रुसायची जागा. त्या वयात आम्ही कशावरून रुसत होतो देव जाणे. कोणी हसलं म्हणून, कोणी हसलं नाही म्हणून, घरी आई बोलली म्हणून, नाहीतर कशावरूनही नाही. घरी रुसलं की आई म्हणायची, “थोबाड सरळ कर.” वेणूकाकू नुसती कणगीकडे मान वळवायची. पोरगी तिकडे जाऊन बसायची. ती आपण होऊन बाहेर येईपर्यंत कोणी तिच्याशी बोलायचं नाही, आणि आल्यावर ‘काय झालं’ म्हणून विचारायचंही नाही. एकदा बाबूकाकाच आत येऊन यमूची समजूत काढायला लागला. काकू म्हणाली, “राहू दे हो. रुसायला पन वेळ लागतो मानसाला.”

दुसरी तिची सवय म्हणजे अवघड प्रश्नाला ती लगेच उत्तर देत नसे. दोन-तीन सुपाऱ्या सोलून होईपर्यंत गप्प राहायची. आम्हाला ते पाठ झालं होतं. प्रश्न विचारायचा आणि तिच्या हातांकडे बघत बसायचं. आणि उलट तीही आम्हाला विचारायची, ते अगदी खरं विचारायची. शेळी विकू का ठेवू? बाबूकाकाला श्रीवर्धनच्या वैद्याकडे न्यावं, की इथल्याचंच औषध चालू ठेवावं? आम्ही सांगितलेलं ती ऐकायची. मी ठेव म्हटलं म्हणून तिनं शेळी ठेवली होती. घरी मला भाजी कोणती करायची हेसुद्धा कोणी विचारत नव्हतं.

माझं ‘ते’ सुरू झालं तेही तिच्या पडवीतच. पौषातली सकाळ होती. मी उठून उभी राहिले आणि परकराला डाग दिसला. मला वाटलं, मी मरणार. आईनं मला काहीएक सांगितलेलं नव्हतं. तेव्हा कोणत्याच आया सांगत नसत. मी ओरडणार तोच काकूनं माझा हात धरून मला आत नेलं, तिचं स्वतःचं धुतलेलं जुनं लुगडं फाडून दिलं आणि हे काय असतं, कशानं होतं, किती दिवस राहतं, ते पाणी भरायची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी रडत होते. ती म्हणाली, “मरत न्हाय कोन यानं. मी मेले का?” मला रडता रडता हसू आलं. मग म्हणाली, “आईला आजच सांगायचं का उद्या, ते तू बघ. तुझी गोष्ट हाय. मी बोलनार न्हाय.”

तिनं खरंच कोणाला सांगितलं नाही. मी आईला तीन दिवसांनी सांगितलं. त्या तीन दिवसांत मी घरभर वावरत होते, आणि जगात माझी म्हणून एक गोष्ट आहे, या विचारानं मला इतकं मोठं वाटत होतं, की तसं पुन्हा लग्नाच्या मांडवातही वाटलं नाही.

भागीची गोष्ट सांगायलाच हवी. भागी माझ्याएवढीच, बारीक चणीची, तोंडानं बडबडी. एक दिवस सांगायला लागली, “मी मुंबईला गेलेली. तिथं ट्राम हाय. बैल न्हाय, घोडा न्हाय. वर आभाळात दोरी बांधलीय, ती धरून चालते.” यमूची मावशी मुंबईला राहायची, त्यामुळे यमूला ट्राम ऐकून ठाऊक होती. ती हसायला लागली. “ही कधी गेली मुंबईला? आगबोटीत पाय तरी ठेवलाय का?” मीही हसले. भागीचं तोंड पडलं. वेणूकाकूनं मात्र मान वर करून विचारलं, “मग दोरी तुटली म्हंजे गो?”

भागी सावरून बसली. “मग मानसं उतरून चालत जातात.”

“आन पावसात?”

“पावसात मोठ्ठी छत्री लावतात. ट्रामेएवढी.”

काकू शेवटपर्यंत ऐकत राहिली. भागी गेल्यावर मी म्हटलं, “काकू, ती खोटं बोलत होती. तुला कळलं ना?”

“कळलं की.”

“मग बोलली का नाहीस?”

तीन सुपाऱ्या सोलून झाल्या. “तिला गावाबाहेर जायचंय, बाय. पायानं जाता येत न्हाय, तवर तोंडानं जाऊन येते. जाऊ दे.”

मला ते पटलं. पटूनही मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. तेव्हापासून भागीचं नाव ‘ट्रामवाली’ पडलं. तिनं काहीही सांगितलं, आज बाजारात सुरमई आलीय एवढं जरी, तरी लोक म्हणायचे, “ट्रामेतनं आली का गं?” ते नाव पाडणारी मी. पुढे ते नाव तिला किती महाग पडणार होतं, ते तेव्हा कळलं नाही.

मी पंधरा वर्षांची झाले त्या वर्षी यमूचं लग्न ठरलं. यमूला आई नव्हती. वडिलांनी तळ्याचा एक बिजवर पाहिला होता, चाळिशीचा, तीन मुलांचा. यमू माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. आमच्यात ती सगळ्यांत हुशार. पोत्यांवरचे शिक्के वाचून दाखवायची, मावशीची पत्रं तिला पाठ असायची. ही मावशी सुईणकाम शिकून मुंबईत एका दवाखान्यात लागली होती. लग्न ठरल्याचं कळल्या दिवशी यमू सकाळपासून संध्याकाळपर्यंत कणगीमागे बसली. काकूनं तिला तिथंच भाकरी दिली.

त्यानंतर पडवीतलं वातावरण बदललं. काकू यमूला हाक मारून आत न्यायची. दोघी हळू आवाजात बोलायच्या. मग भागीलाही आत बोलावलं जाऊ लागलं. मला नाही. एकदा मी आपण होऊन उठले, तर काकू म्हणाली, “मने, तू बस. आम्ही आलोच.”

यमूशी माझी पाचव्या वर्षापासूनची मैत्री. काकूची लाडकी मीच, असं मला वाटायचं. शेळी माझ्या शब्दावर ठेवली होती. आणि आता कुळवाड्याची ट्रामवाली आत, आणि मी बाहेर. त्या वयातली आग कशी असते ते ज्याला आठवतं त्याला कळेल. मी कणगीमागे जाऊन बसले, तर त्या दिवशी कोणाचं लक्षही गेलं नाही.

शनिवारी बाबूकाकाला डुलकी लागलेली बघून मी पाय धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी गेले आणि खिडकीखाली उभी राहिले. मुंबईच्या मावशीचं पत्र काकूच्या नावावर आलं होतं. यमूला घेऊन ये, मी शिकवीन, असं तिनं लिहिलं होतं. सोमवारच्या आगबोटीनं काकू यमूला स्वतः नेणार होती. भागीनं गाठोडं घेऊन आधी बंदरावर जायचं, लाकडं विकायला जाते म्हणून कोणाला संशय येणार नाही. यमूनं देवीला जाते सांगून निघायचं.

“काकू, मनूला सांगू?” यमूनं विचारलं.

“नको,” काकू म्हणाली. “तिचा बाप आन तुझा बाप एका पानावर जेवतात. उद्या बापानं इचारलं तर पोरीनं काय सांगायचं? खोटं बोलायला लावायचं का तिला? तिच्यावर कशाला भार?”

हे सगळं मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण घरी जाताना माझ्या कानात त्यातला एकच शब्द उरला होता, ‘नको’.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या माजघरात पापड लाटायला आळीतल्या बायका जमल्या होत्या. मी लाट्या करून देत होते. बायकांचं बोलणं चाललं होतं आणि नेहमीसारखं मध्येच थांबत होतं, ‘पोर बसलीय’ म्हणून. कोणीतरी म्हणालं, यमूचं नशीब बरं, आईवेगळ्या पोरीला भरलेलं घर मिळालं. मी लाटी करता करता म्हणाले, “यमूचं लग्न होणार नाही. ती उद्याच्या आगबोटीनं मुंबईला जाणार आहे. वेणूकाकू नेणार आहे.”

सगळी लाटणी थांबली. सात-आठ मोठ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे बघत कोणी इतकं गप्प बसलं आहे, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आईनं विचारलं, “तुला कोणी सांगितलं?” मी सगळं सांगितलं. पत्र सांगितलं, गाठोडं सांगितलं, देवीचं निमित्त सांगितलं. मधूनमधून थांबून सांगितलं, बायका सांगतात तसं. मग चहा झाला तेव्हा आईनं मला पितळीत न देता बायकांसारखा कपबशीत दिला.

मला आनंद झाला होता. नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी लहान होते, तोंडातून निसटून गेलं, यमूचं भलं व्हावं म्हणून बोलले. तसं काही नव्हतं. मला तो कप हवा होता.

सोमवारी आईनं मला घराबाहेर सोडलं नाही. आगबोटीचा भोंगा घरातून ऐकू आला. बंदरावर काय झालं ते गडीमाणसांच्या तोंडून कळलं. यमूचे वडील, अण्णा आणि आणखी चार जण आधीच जाऊन उभे होते. होडीत पाय ठेवतानाच यमूला मागे ओढली. वेणूकाकूला तिथं सगळ्यांदेखत ‘पोरी पळवणारी’ म्हणाले. आणखीही काय काय म्हणाले. यमूच्या वडिलांनी यमूवर हात उचलला तेव्हा ती मध्ये गेली, आणि तो तडाखा तिच्या खांद्यावर बसला. पंधरा दिवसांत यमूचं लग्न लागलं.

घरी अण्णांनी आईला बजावलं, “आपल्या मुलीचं नाव यात कुठं येता कामा नये.” पापडाला आलेल्या बायकाही आईच्या शब्दाबाहेरच्या नव्हत्या. मग गावाला नाव हवं होतं, आणि ते तयारच होतं. गाठोडं भागीकडे होतं. भागी बडबडी. दुसरं कोण फोडणार?

मंगळवारी सकाळी अण्णांनी काकूच्या पडवीतली आमची पोती परत आणायला गाडी पाठवली. आपली पोती कोणती ते ओळखून दे म्हणून आईनं गड्याबरोबर मला पाठवलं. दुसऱ्या वाडीवाल्यांच्या गाड्या आधीच येऊन गेल्या होत्या. पडवी रिकामी होती. काकू खांबाला टेकून उभी होती, तिचा डावा खांदा सुजला होता, आणि तिच्यासमोर भागी उभी होती.

काकूचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “भागे, उद्यापासून येऊ नकोस.”

“काकू, आईची आन. मी न्हाय सांगितलं.”

“तू, मी आन यमू. चौथं कोनाला ठाऊक होतं?”

“मला न्हाय ठाऊक. पन मी न्हाय सांगितलं. गळ्याशपथ.” भागी रडत होती. मग तिला मी दारात दिसले. तिनं धावत येऊन माझा हात धरला. “मने, तू सांग गो काकूला. तू सांग, मी असं करीन का? तुझं ऐकेल ती.”

काकू माझ्याकडे बघत होती. आजही मला वाटतं, त्या वेळी मी नुसतं रडले असते तरी तिला कळलं असतं.

मी म्हणाले, “मला काय माहीत?”

आणि गड्याला आमची पोती दाखवायला लागले.

त्यानंतर कोणी पोर तिच्याकडे गेली नाही आणि कोणी पोतं पाठवलं नाही. वर्षभरात माझं लग्न झालं. यमू तळ्याला आहे. सावत्र तीन, स्वतःची चार मुलं. एका लग्नात मला भेटली होती. जाडजूड झाली होती, माझ्या गळ्यात पडली. “बरी आहे,” म्हणाली. मी पुढं काही विचारलं नाही. तिनंही मला काही विचारलं नाही, कारण मला विचारण्यासारखं काही आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

माहेरी मी दरवर्षी जात होते, पण वाड्यांच्या टोकाकडे फिरकत नव्हते. दहा वर्षं अशी गेली. माझी थोरली तेव्हा सात वर्षांची होती. चैत्रात मी माहेरी आले आणि बाबूकाका गेल्याचं कळलं. समाचाराला न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून गेले. म्हणजे तेव्हाही लोकांसाठीच गेले.

भर दुपार होती. काकू पडवीत माडाच्या झावळ्यांचे हीर काढत बसली होती. आता त्या झाडू विकूनच तिचं चालत होतं. केस पांढरे झाले होते, कपाळ मोकळं. मला बघून तिला खरोखर आनंद झाला. “मने! ये, ये. केवढी झालीस!” तिनं पाट दिला, पाणी दिलं, पोरं किती, नवरा कसा, सगळं विचारलं. बाबूकाकाचं शेवटचं दुखणं सांगितलं. मग थोडा वेळ हातानं हीर ओढत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही सगळ्या पोरी सोन्यासारख्या होतात बघ. मी कधी कोनावर अविश्वास केला न्हाय. एक भागी तेवढी... खालच्या वाडीतच दिलीय तिला. रोज पान्याला समोरनं जाते. मी मान वळवते. दहा वर्षं झाली, तिच्या पोराचं तोंड पन बघितलं न्हाय मी.”

मला वाटलं होतं, सांगायची वेळ आली की आधी तयारी करावी लागेल. काहीच करावी लागली नाही. मी म्हणाले, “काकू, भागीनं नाही सांगितलं. मी सांगितलं.”

तिचे हात थांबले.

“मी खिडकीखाली उभी होते. सगळं ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातांकडे बघत होते, पण ते काही हलले नाहीत.

“तू?”

“मी.”

“भागी न्हाय?”

“न्हाय,” मी म्हणाले. तिची बोली माझ्या तोंडात आपोआप आली.

“ती आईची आन घालत होती.”

“हो.”

“तेव्हा तू दारात होतीस.”

“होते.”

या एका शब्दानंतर मला वाटलं, आता ती शिव्या देईल, निदान रडेल. मी त्यासाठी तयार होते. खरं तर मला ते हवंच होतं. ती खांबाचा आधार घेऊन उठली. मांडीवरचे हीर खाली सांडले. पदर डोक्यावरून घेतला आणि पडवीची पायरी उतरली.

“काकू, कुठं चाललीस?”

“भागीकडे.”

“ऊन उतरू दे तरी.”

“तिला दहा वर्षं उन्हात उभी केलीय मी.” ती वळलीसुद्धा नाही.

मी तिच्यामागे दोन पावलं गेले. “मी येऊ बरोबर? मी सांगते तिला.”

तेव्हा ती थांबली. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती कशाचा तरी पटकन हिशेब लावावा तसं माझ्याकडे बघत होती, आणि त्या हिशेबात मी फार शेवटी येत होते. “आता न्हाय, बाय,” ती म्हणाली. “माझं मी सांगून येते. तुझं मला सांगता यायचं न्हाय, आन माझं तुला.”

आणि ती निघाली. अनवाणीच. पोफळींच्या मधून उतरत खालच्या बांधावर गेली. साठीच्या घरातली बाई, पण चाल अशी, की कोणी आजारी असल्याचा निरोप आला असावा. बांधाच्या मधोमध तिचा पाय घसरला. ती खाली हात टेकून बसली, उठली, लुगड्याची माती न झाडता पुन्हा चालायला लागली. पडवीतून खालच्या वाडीतलं पहिलं घर दिसायचं, ते भागीचं. ती त्या अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिनं हाक मारली असेल; तिचा आवाज घराच्या आतसुद्धा पोचत नसे, मग मला कुठून ऐकू येणार? दारात एक बारीक चणीची बाई आली, कडेवर मूल होतं. ती खाली उतरली नाही. काकू वर चढली नाही. वेणूकाकूनं दोन्ही हात जोडले, आपल्यापेक्षा लहान माणसासमोर आमच्याकडे कोणी जोडत नाहीत तसे, आणि जोडलेले तसेच ठेवले.

मी तिथं थांबायला हवं होतं. ती परत येईपर्यंत तरी थांबायला हवं होतं. मी मागच्या दारानं वाडीत शिरले आणि आडवाटेनं घरी आले. दुसऱ्या दिवशीच्या आगबोटीनं मुलीला घेऊन सासरी निघाले. पुढच्या वर्षी माहेरी गेले तेव्हा वेणूकाकू नव्हती.

भागी तिला त्या दुपारी काय म्हणाली, ते मी कोणालाच विचारलं नाही. भागी अजून आहे. खालच्या वाडीतच आहे.